मिस्त्रींचा पाहुणा

बाथरूमचं काम काढलं फेब्रुवारीत. मिस्त्री आले, दारातूनच आत डोकावले, भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "किरकोळ हाय सायेब. जोतिबाच्या यात्रेआधी नव्या बाथरूमात आंघोळ!" चैत्र पौर्णिमेला तेव्हा दोन महिने होते. कुठल्या वर्षीचा चैत्र, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

मिस्त्रींनी उचल मागितली, मी दिली. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला पहिली उचल मनासारखी मिळवायला रस्त्यावर उतरावं लागतं. मिस्त्रींना ती कपातला चहा निवायच्या आत मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या ठोक्याला दोन पोरं हजर. संध्याकाळपर्यंत फरशा, नळ, मोरी, सगळं भुईसपाट. फोडायच्या कामाला ही मंडळी इतकी वक्तशीर का, ते मला नंतर उमगलं. एकदा बाथरूम फुटलं की घरमालक जातोय कुठं?

त्यानंतर मिस्त्री स्वतः कधी दिसले नाहीत. यायला लागले ते त्यांचे पाहुणे. "प्लंबिंगचं काय काळजी करू नकासा, आमचा पाहुणाच हाय." वॉटरप्रूफिंगवाला? पाहुणा. टाईल्सवाला? पाहुण्याचा पाहुणा. पाहुणा म्हणजे नात्यानं असेल अशी माझी समजूत. ती पद्धतीनं निघाली. घटकाभर यायचं, चहा घ्यायचा, "बरं हाय का सगळं?" विचारायचं आणि निघायचं.

वॉटरप्रूफिंगच्या पाहुण्यानं कोबा केला, वर चार बोटं पाणी कोंडलं आणि सांगितलं, "48 तास ठेवायचं. पातळी उतरली न्हाई म्हंजे गळत न्हाई." हे बरोबरच आहे. फक्त 48 तासांनी बघायला यायचा तो उगवला अकराव्या दिवशी. तोवर मार्चच्या उन्हानं पाणी आटून गेलेलं. मग ते गळलं की वाळलं, यावर आम्हा दोघांची तासभर चर्चा झाली. शेवटी त्यानं पुन्हा पाणी भरलं आणि पुन्हा गेला.

एवढे दिवस आंघोळीला आम्ही राजारामपुरीत मेहुण्याकडं. सकाळी सहाला खांद्यावर टॉवेल टाकून मंगळवार पेठेतून स्कूटरवर निघालो की ओळखीचे हात करायचे, "काय, पंचगंगेला पोहायला?" महिनाभरात गल्लीत माझं नाव पट्टीचा पोहणारा म्हणून झालं.

टाईल्सच्या पाहुण्याला एका दुपारी फोन केला. "आलोच," म्हणाला. (आपल्या मराठीत 'आलो' हा भूतकाळ. या धंद्यात तो भविष्यकाळ आहे, आणि तोही लांबचा.) "कुठं आहात?" "सिमेंटच्या दुकानात उभारलोय की." तेवढ्यात त्याच्यामागं हजारो माणसं एकदम ओरडली, "गोऽऽल!" शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच होती. खरं सांगायचं तर मला राग त्याचा आला नाही. मी तिकीट काढलं नव्हतं, याचा आला.

यात्रा झाली. गुलालानं माखलेला पाहुणा प्रसाद घेऊन आला, थापी घेऊन नव्हे. मग गावाकडची म्हाई, मग कुणाचं तरी लगीन. टाईल्स बसल्या तोवर मृग लागला होता.

पहिली बादली ओतली आणि पाणी मोरीकडं जायचं सोडून दाराकडं चालायला लागलं. प्लंबर म्हणाला, "ढाळच उलटा काढलाय पाहुण्यानं." टाईल्सवाला म्हणाला, "मोरीच वर बसवलीया पाहुण्यानं." मी दोघांना एकाच दिवशी बोलावलं. म्हटलं, समोरासमोर होऊ दे. दोघं आले, एकमेकांच्या घरची ख्यालीखुशाली विचारली, चहा घेतला आणि ही घराची जुनी भिंतच कलती असल्याचं एकमतानं जाहीर केलं.

आई हे सगळं ऐकत होती. "मी बघतो आता मिस्त्रीकडं," म्हणाली आणि पदर खोचून खराटा घेऊन आली. मिस्त्री नव्हतेच, तेव्हा खराटा पाण्यावर चालवला. तिथून पुढं हेच वळण पडलं. एकानं आंघोळ करायची, दुसऱ्यानं दारात उभं राहून पाणी मोरीकडं लोटायचं. जुलैत सगळं गाव पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी विचारत होतं. 39 फूट इशारा, 43 ला धोका. आमच्या घरात उंबऱ्याची विचारत होते. राधानगरीचे 7 दरवाजे धरण भरलं की आपसूक उघडतात, कुणाच्या पाहुण्याला फोन करावा लागत नाही. हे मी लहानपणापासून ऐकतोय, पण त्यातली थोरवी यंदा कळली.

राहता राहिला गिझरचा पॉइंट. भिंतीतून दोन वायरी जिभा काढून बसलेल्या. दरम्यान शेजारच्या काकांनी आमच्या टाईल्स बघून मिस्त्रींचा नंबर मागितला होता. मी तो दिला. का दिला, हे बायको अजून विचारते.

परवा रविवारी बोळात बघतो तर शेजारच्या दारात मिस्त्रींची गाडी. आतून हातोड्याचे घाव. फोडकाम होतं, म्हणजे स्वतः हजर. मी फोन लावला.

"सायेब, गडहिंग्लजला हाय. उद्या पाहुण्याला लावून देतो."

तेवढ्यात आमच्या कुकरची शिट्टी झाली. एकदा उजव्या कानात आणि एकदा, जराशी उशिरा, फोनमधून.