‘पेटी सुंदर, पण आत राणी सुखी नाही’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री दुकान बंद करताना वाचला आणि घरी गेल्यावर पुन्हा वाचला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. आषाढात तुम्ही आमच्याकडून तुमच्या राणीसाठी, म्हणजे पाळलेल्या टॅरंटुलासाठी (मोठ्या केसाळ कोळ्यासाठी), जिवंत झाडं लावलेली काचेची पेटी 6,800 रुपयांना नेली. पाच आठवड्यांत आतल्या ओंडक्यावर बुरशी आली, फिटोनियाच्या रोपाने मान टाकली, मातीत पांढरे किडे झाले. राणी चार दिवस काचेच्या वरच्या कोपऱ्यात चिकटून बसली आहे आणि तीन आठवडे काही खात नाही. पेटीसाठी आम्ही महिनाभर थांबवलं, वर भाडेकरूकडे मागतात तसे राणीचे कागद मागितले. दुकानात फोन केलात तर ‘झाडांची गॅरंटी नसते’ एवढंच ऐकायला मिळालं.

बाकी सगळ्याच्या आधी एक तातडीची गोष्ट. शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की किडे गेले नाहीत तर मुंग्यांची पावडर टाकणार. ताई, हात जोडून सांगतो, टाकू नका. मुंग्यांची पावडर, खडू, झुरळांचा स्प्रे यांतलं काहीच पेटीत नको, आणि पेटीच्या खोलीतही नको. जे औषध मुंगीच्या मज्जातंतूंवर चालतं ते कोळ्याच्याही मज्जातंतूंवर चालतं. डास मारायची लिक्विडची मशीनसुद्धा त्या खोलीतून काढा. सध्या डेंग्यूमुळे महापालिकेची धुराची फवारणी चालू आहे. तुमच्या गल्लीत गाडी आली की त्या खोलीच्या खिडक्या लावून घ्या आणि धूर पूर्ण विरल्यावरच उघडा.

आता पेटीबद्दल. तुमची मुख्य तक्रार खरी आहे आणि चूक आमची आहे. आमच्या ऑर्डरच्या कागदावर प्राण्याच्या रकान्यात फक्त ‘कोळी’ असं लिहिलेलं होतं. कुठला कोळी, जमिनीवरचा की झाडावरचा, कोरड्या रानातला की ओल्या, हे आमच्याकडे कुणी विचारलं नाही आणि ती पेटी बांधताना मीही विचारलं नाही. मी मूळचा नर्सरीवाला. फिटोनिया, शेवाळ, नेचे यांना काय लागतं ते मला हाताला कळतं, त्यामुळे पेटी झाडांच्या सोयीची झाली. काल तुमचा फोटो मोठा करून पाहिला तेव्हा गुडघ्यांवरचे नारिंगी पट्टे दिसले. राणी मेक्सिकन रेड नी आहे.

हा कोळी मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचा, कोलिमा, हालिस्को या भागातल्या पानगळीच्या, काटेरी रानातला. तिथे पावसाचे मोजके महिने सोडले तर जमीन कोरडी असते आणि तो बिळात राहतो. आपल्या भाषेत सांगायचं तर राणी देशावरची आहे आणि मी तिला भर पावसाळ्यात कोकणात नेऊन बसवलं. त्यात आमच्या कार्डावर ‘सकाळ-संध्याकाळ स्प्रे करा’ असं छापलेलं आहे. ते कार्ड बेडकांच्या पेटीसाठी केलं होतं आणि तेच तुम्हाला दिलं गेलं. श्रावणात पुण्याची हवा आधीच दमट असते. तिच्यात दोन वेळचा स्प्रे म्हणजे माती चिखल होणारच. राणी काचेवर चढून बसलीय ती ओल्या मातीवर पाय टेकवायचे नाहीत म्हणून. फोटोत ती पायांची टोकं आखडून बसलेली दिसते. पेटी सजवून दिल्यावर आपण खूश होतो, पण प्राणी कुठे बसतोय हे पाहिलं की पेटी बरोबर आहे की नाही ते कळतं. हे मला पाच आठवडे उशिरा कळलं.

याहून मोठी चूक उंचीची आहे, आणि ती तुमच्या तक्रारीत नाही, तरी मी सांगणं भाग आहे. पेटी 45 सेंटीमीटर उंच आहे. तळाला 4 सेंटीमीटर क्ले बॉल (भाजलेल्या मातीच्या गोळ्या), त्यावर 8 सेंटीमीटर माती. म्हणजे मातीपासून झाकणापर्यंत 33 सेंटीमीटर मोकळी जागा. राणी पाय पसरून साधारण 12–13 सेंटीमीटर भरत असेल. जमिनीवरच्या टॅरंटुलाला पायांच्या पसाऱ्याच्या फार तर दीडपट उंची ठेवायची, म्हणजे 20 सेंटीमीटरच्या आत. कारण तिचं पोट म्हणजे पातळ कातडीची पाण्याने भरलेली पिशवी. एवढ्या उंचीवरून ती ओंडक्याच्या कडेवर पडली तर पोट फाटून आतला द्रव वाहून जाऊ शकतो, आणि त्यावर घरी करता येईल असा भरवशाचा उपाय नाही. वर आम्ही बसवलेलं झाकण बारीक जाळीचं. तिच्या पायांच्या टोकाला नख्या असतात, त्या जाळीत अडकतात आणि सोडवताना पाय तुटू शकतो. म्हणून अशा कोळ्याला भोकं पाडलेलं अॅक्रिलिकचं झाकण आणि बाजूंच्या भिंतींत हवेची भोकं असावी लागतात. आमच्या पेटीला बाजूला एकही भोक नव्हतं.

म्हणून आज रात्री एवढं करा. राणी पाठीवर उलटी झालेली नसेल आणि खाली जाळ्याची दाट चटई विणून तिच्यावर बसलेली नसेल, तरच तिला तिच्या जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यात हलवा. डब्यात कोरडं कोकोपीट चांगलं दाबून भरा, एका कोपऱ्यात पाण्याची पसरट झाकणी, दुसऱ्या कोपऱ्यात लपायला अर्धी करवंटी. हलवताना तिच्यासमोर दुसरा रिकामा डबा धरा आणि मागून मऊ ब्रशने हलकेच पुढे सारा. हाताने उचलू नका. ती मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवते, ते डोळ्यांत गेले तर फार त्रास होतो. चष्मा घाला. ती पाठीवर पडलेली दिसली तर मात्र काहीच करू नका, दिवा बंद करा आणि दार लोटून घ्या. ती मेलेली नसते, कात टाकत असते. मरताना टॅरंटुला सरळ बसलेला असतो आणि पाय पोटाखाली आवळून घेतो.

कात टाकण्याचा विषय काढला, कारण दुसऱ्या फोटोत तिच्या पोटावरचा केस उडालेला टकलाचा ठिपका काळा आणि चकचकीत दिसतोय. तीन आठवडे न खाणं आणि हा काळेपणा, दोन्ही मिळून कात टाकायची वेळ जवळ आल्याची खूण आहे. न खाण्याचा दोष तरी पेटीवर नसावा. पेटीत एखादा जिवंत नाकतोडा किंवा झुरळ सोडलेलं असेल तर काढून घ्या. कात टाकताना ती लोण्यासारखी मऊ असते आणि तेव्हा भक्ष्यच तिला कुरतडतं.

पांढऱ्या किड्यांबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. ते स्प्रिंगटेल नावाचे मातीतले बारीक जीव आहेत आणि आम्हीच मुद्दाम सोडले आहेत. ते सांगितलं नाही ही आमची चूक, पण किडे चुकीचे नाहीत. ओलं कोकोपीट आणि पालापाचोळा असला की बुरशी येते, आणि हे बुरशी खातात. आमच्याकडे ते आइस्क्रीमच्या डब्यात वाढतात. खाली कोळसा, थोडं पाणी, वर तांदळाचे चार दाणे. दाण्यावर बुरशी धरली की आठवड्याभरात झाकण उघडल्यावर काळ्या कोळशावर रवा सांडल्यासारखे दिसतात आणि फुंकर मारली की पाण्यावर तरंगतात. ओळखायची सोपी खूण अशी की ब्रशचं टोक लावलं की टुणकन उडी मारतात. उडी न मारणारे, गोल, हळू सरकणारे ठिपके राणीच्या तोंडाजवळ किंवा पायांच्या सांध्यांत दिसले तर ते माइट, म्हणजे गोचिडीच्या जातीचे बारीक जीव असतात, मग मला रात्री कितीही वाजता कळवा. ओंडक्यावरची कापसासारखी बुरशीही नव्या लाकडावर पहिल्या महिना-दीड महिन्यात येतेच, लाकडातली साखर संपली की जाते. तुमच्याकडे ती जास्त राहिली याला कारण ओल आणि कोंडलेली हवा, आणि ते पुन्हा आमच्याकडेच येतं.

महिनाभर थांबवलं याबद्दल माफी मागत नाही, कारण ते राणीसाठीच होतं. मोठ्या नर्सऱ्यांतून येणाऱ्या रोपांवर मुळांतून शोषली जाणारी कीटकनाशकं मारलेली असू शकतात. पान धुतलं तरी ती आतल्या रसात राहतात. पेटीतला किडा ते पान खातो, कोळी तो किडा खातो. म्हणून प्रत्येक रोपाची मुळं धुऊन, नवी माती घालून आम्ही ते किमान चार आठवडे वेगळं ठेवतो. ही पद्धत बदलणार नाही.

कागदांचंही तसंच. मेक्सिकन रेड नी 1985 पासून साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट 2 मध्ये आहे, कारण पाळण्यासाठी म्हणून रानातून फार उचलला गेला. आपल्याकडे 2022 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा बदलला, तो बदल 1 एप्रिल 2023 पासून लागू झाला, आणि साइट्समधल्या अशा जिवंत प्राण्यांची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. आम्ही प्राणी विकत नाही, पण रानातून उचलून आणलेल्या प्राण्यासाठी पेटी बांधून द्यायची माझी तयारी नाही. तुमचे कागद व्यवस्थित होते. आमच्या मुलाने ते कशासाठी मागतोय हे नीट समजावून सांगायला हवं होतं, आणि तुम्हाला चोर समजल्यासारखं वाटलं असेल तर त्याबद्दल मनापासून माफ करा. फोनवर मिळालेलं उत्तरही बरोबर नव्हतं. झाडांची गॅरंटी नसली तरी पेटी प्राण्याला योग्य असण्याची जबाबदारी आमचीच आहे.

अजून एक. मैत्रिणीने ताम्हिणीतून शेवाळ आणि पालापाचोळा आणून देते म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. कृपया आणू देऊ नका. ते अभयारण्य आहे, तिथलं पानही उचलायचं नसतं. शिवाय त्या पाचोळ्यात लपून एखादी गोम आली तर ती राणीला सोडणार नाही.

नवी पेटी मी स्वतः बांधायला घेतली आहे, तिचे पैसे घेणार नाही. 45 बाय 30 चीच, पण उंची 30, आणि आत 14 सेंटीमीटर माती. कोकोपीटमध्ये लाल माती आणि थोडी वाळू मिसळून दाबली की बीळ ढासळत नाही. शेवाळ, फिटोनिया नाही. एक बुटका स्नेक प्लांट आणि एक हॉवर्थिया, दोन्ही छोट्या कुंड्यांसकट मातीत पुरलेले, म्हणजे राणीने खणलं तरी मुळं उघडी पडणार नाहीत आणि पाणी फक्त कुंडीत घालता येईल. पेटी कोरडी राहील, पाण्याची वाटी भरलेली राहील, स्प्रे करायचा नाही. या पेटीत स्प्रिंगटेल फारसे टिकणार नाहीत, आणि कोरड्या मातीत त्यांची तेवढी गरजही नसते. पैसे परत हवे असतील तर तेही देतो, तुम्ही ठरवाल तसं. अभिप्राय बदलायची गरज नाही, तो जसा आहे तसाच राहू दे. ऑर्डरच्या कागदावर आजपासून जातीचं नाव आणि प्राण्याचा फोटो सक्तीचा केला आहे, आणि बेडकांचं कार्ड फक्त बेडकांच्या पेटीबरोबर जाईल.

पेटी तयार झाली तरी लगेच आणणार नाही. राणीने कात टाकू दे. त्यानंतर दोन आठवडे तिला डब्यातच राहू द्या आणि खायला घालू नका. सुळे आधी पांढरे असतात, मग लालसर होतात, पूर्ण काळे झाले की कळवा, मी घरी येऊन बसवून देईन. आणि कात सापडली की फेकू नका. वाळली की ती कडक होऊन तुटते, म्हणून साबणाच्या कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून अलगद उलगडा आणि जपून ठेवा. पोटाच्या भागाच्या आतल्या बाजूने पाहिलं की नर की मादी ते कळतं. मादी असेल तर वीस वर्षांहून जास्त तुमच्याबरोबर राहू शकते. माझ्याकडे चांगलं भिंग आहे, येताना घेऊन येतो.