चोरी सिकदारांकडे झाली, पण ती एव्हरेस्टची नव्हे

मे महिना उजाडला, एव्हरेस्टवरच्या पहिल्या चढाईचा 29 मे हा दिवस जवळ आला की एक मजकूर न चुकता व्हॉट्सॲपवर येतो. थोडक्यात तो असा. जगातलं सर्वांत उंच शिखर राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने एकट्याने मोजलं. 1852 साली ते धावत साहेबाच्या खोलीत शिरले आणि म्हणाले, सर, जगातलं सर्वांत उंच शिखर मला सापडलंय. साहेब म्हणजे जॉर्ज एव्हरेस्ट. त्याने शिखराला स्वतःचंच नाव देऊन टाकलं. उंची बरोबर 29,000 फूट आली होती, पण लोकांना ती ठोकून दिल्यासारखी वाटेल म्हणून वर दोन फूट चढवले. गोरे साहेब पंख्याखाली बसून राहिले, उन्हातान्हात राबले ते आपले लोक. आणि शेवटी सिकदारांचं नाव इतिहासातून पुसून टाकलं. त्याखाली तिरंगा आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

यातल्या शेवटच्या तक्रारीत तथ्य आहे. पण तिच्या आधी रचलेलं जवळपास सगळं चुकीचं आहे, आणि त्या चुकांच्या ढिगाखाली सिकदारांवर झालेला खरा अन्याय गाडला जातो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

साहेबाच्या नावापासूनच सुरुवात करायला हवी. जॉर्ज एव्हरेस्ट 1830 ते 1843 भारताचे सर्व्हेअर जनरल, म्हणजे सर्वेक्षण खात्याचे प्रमुख होते. 1843 मध्ये ते निवृत्त झाले आणि इंग्लंडला परतले. आज एव्हरेस्ट म्हणतात त्या शिखराच्या उंचीचं गणित त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालं. त्या वेळी खुर्चीवर होते त्यांचे वारस अँड्र्यू वॉ. 1 मार्च 1856 च्या पत्रात वॉ यांनी उंची जाहीर केली आणि आपल्या जुन्या वरिष्ठांचं नाव सुचवलं तेही त्यांनीच. एव्हरेस्ट यांनी या नावाला हरकत घेतली होती. त्यांचं म्हणणं, हे नाव हिंदी किंवा फारसीत नीट लिहिता येणार नाही आणि तिथल्या माणसांना उच्चारता येणार नाही. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने 1865 मध्ये ते तरीही कायम केलं. पुढच्याच वर्षी एव्हरेस्ट वारले. त्यांच्या स्वभावाबद्दल वाईट बोलणारे त्यांच्या हयातीतही पुष्कळ होते. तापट आणि भांडखोर माणूस. पण ही चोरी त्यांच्या माथी मारता येत नाही.

नावाच्या बाबतीत कुणावर अन्याय झालाच असेल तर तो तिबेटी लोकांवर. स्थानिक लोक जे नाव वापरत असतील तेच नकाशावर ठेवायचं, हा एव्हरेस्ट यांनी घालून दिलेला शिरस्ता. तो आपल्याला ठाऊक आहे, पण या शिखराचं स्थानिक नाव सापडत नाही, असं वॉ यांनी लिहिलं. नेपाळ आणि तिबेट दोन्ही तेव्हा परक्यांना बंद होते, त्यामुळे सबब अगदीच पोकळ नव्हती. पण नाव होतं, आणि छापलेलं होतं. चीनच्या कांगशी सम्राटाने आपल्या राज्याचा नकाशा करवून घेतला, त्यासाठी पेकिंगमध्ये भूमापन शिकलेले दोन लामा तिबेटमध्ये पाठवले होते. त्या कामावरून 1730 च्या दशकात पॅरिसमध्ये दानव्हिल या फ्रेंच नकाशाकाराने जो नकाशा छापला, त्यावर चोमोलुंग्मा हे नाव थोड्या वाकड्यातिकड्या स्पेलिंगमध्ये आहे. वॉ यांच्या पत्राच्या सव्वाशे वर्षं आधी. नेपाळमध्ये बरीच वर्षं काढलेले ब्रायन हॉजसन देवधुंगा हे नाव घेऊन भांडले, तेही फेटाळलं गेलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला या लामांबद्दल काही देणंघेणं नाही, कारण ते बंगालीही नाहीत आणि भारतीयही नाहीत.

धावत जाण्याचा प्रसंग फार वेळ घेण्यासारखा नाही. सिकदार 1849 पासून कलकत्त्यात होते आणि वॉ यांचं ठाणं देहरादूनला. मधे हजार किलोमीटरांहून जास्त अंतर. 1852 मध्ये देशात प्रवासी रेल्वेसुद्धा नव्हती, आपली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटली ती 1853 च्या एप्रिलमध्ये. धावणार कुठे? या कथेचं मूळ बहुधा सर्वेक्षण खात्यातले अधिकारी सिडनी बरार्ड यांनी 1904 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या टिपणात आहे. त्यात एवढंच आहे की 1852 च्या सुमारास कलकत्ता कचेरीच्या मुख्य गणकाने, म्हणजे आकडेमोड करणाऱ्यांच्या प्रमुखाने, वॉ यांना कळवलं की पंधरा क्रमांकाचं शिखर (आजचं एव्हरेस्ट) आजवर मोजलेल्या सगळ्यांहून उंच भरतंय. मुख्य गणक म्हणजे सिकदार, पण बरार्ड नाव घेत नाहीत. पुढे कुणीतरी या कोरड्या वाक्याला दार लावलं, धावणारा बाबू लावला आणि संवाद घातला.

आता ‘एकट्याने मोजलं’. इथे जरा थांबावं लागेल, कारण हा दावा देशभक्तीच्या भरात त्या सबंध कामाचीच किंमत कमी करतो.

त्रिकोणमितीय सर्वेक्षण 1802 मध्ये मद्रासजवळ सुरू झालं. आधी जमिनीवर काही मैलांची एक पायारेषा साखळीने इंचाइंचाने मोजायची. तिच्या दोन टोकांवरून तिसऱ्या ठिकाणाचा कोन घ्यायचा, की त्रिकोणाच्या बाकीच्या बाजू गणिताने मिळतात. मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण. अशी त्रिकोणांची माळ कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेली. नेपाळात पाऊल टाकायला मनाई असल्यामुळे हिमशिखरं तराईतून आणि बिहारच्या सपाटीवरून बघावी लागली. 1849 च्या नोव्हेंबरापासून 1850 च्या जानेवारीपर्यंत जेम्स निकोलसन यांनी सहा ठाण्यांवरून पंधरा नंबरच्या शिखराचे कोन घेतले. शिखर तिथून 108 ते 118 मैलांवर. एवढ्या अंतरावरून येणारा प्रकाशाचा किरण हवेत सरळ येत नाही, वाकतो, आणि शिखर आहे त्याहून उंच दिसतं. किती वाकतो हे हवेच्या तापमानावर आणि दाबावर अवलंबून. पृथ्वीची गोलाई आहेच. या सगळ्याचा हिशेब करून खरी उंची काढणं हे गणकांचं काम, आणि सिकदार त्या गणकांचे प्रमुख.

म्हणजे त्यांचा वाटा मोठा आहे, कदाचित सर्वांत अवघड टप्प्याचा आहे. पण निकोलसनचे कोन नसते तर आकडेमोड कशाची केली असती? देहरादूनच्या कचेरीतही जॉन हेनेसी आणि इतर गणक याच आकड्यांवर बसले होते, आणि वॉ यांनी ताळे करून घेण्यात काही वर्षं घालवली, तेव्हा कुठे 1856 उजाडलं. ‘एव्हरेस्टची उंची कुणी मोजली’ या प्रश्नाला एका माणसाचं नाव हे उत्तरच नाही. एव्हरेस्ट यांचं तर नाहीच.

दोन फुटांची गोष्ट मला पूर्वी आवडायची, कारण आकड्यांचा प्रामाणिकपणा लपवायला खोटं बोलावं लागलं यात एक मजा आहे. पण ठाण्यांवरून निघालेल्या उंच्या नंतर छापल्या गेल्या आहेत, कुणीही पाहाव्यात. पूर्ण फुटांत सांगायचं तर जिरोलहून 28,992, मिर्झापूरहून 29,005, जोआफपतीहून 29,002, लदनियाहून 28,999, हरपूरहून 29,026 आणि मिनाईहून 28,990. मोबाइलवर बेरीज करून सहाने भागा. 29,002 आणि वर थोडा अपूर्णांक येतो. कुणी दोन फूट चढवायची गरजच पडली नव्हती. उलट हरपूर आणि मिनाई यांच्यात 36 फुटांचा फरक आहे, हे बघितलं तर शेवटच्या दोन फुटांबद्दल इतकी कथा रचणं किती पोकळ आहे ते कळतं. नेपाळ आणि चीनने 2020 मध्ये मिळून जाहीर केलेली उंची 8,848.86 मीटर, म्हणजे साधारण 29,032 फूट. शंभरावर मैलांवरून, शिखराच्या देशात पाय न ठेवता काढलेला आकडा फक्त 30 फुटांनी चुकला. याचं कौतुक फॉरवर्डमध्ये एका शब्दाने नाही.

‘गोरे पंख्याखाली बसले’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या माणसाने तरी पुढे ढकलू नये. हे सर्वेक्षण सुरू करणारे विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे मोजणीच्याच कामावर निघालेले असताना 20 जानेवारी 1823 रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. वय साठीच्या पुढे गेलेलं, दोन दशकं फिरतीवर. त्यांची कबर हिंगणघाटलाच आहे. तिथून कामाची सूत्रं एव्हरेस्ट यांच्याकडे आली. ते स्वतः तापाने इतके खचले की मधली पाच वर्षं इंग्लंडात काढावी लागली. निकोलसन मलेरियाने आजारी होऊन मायदेशी गेले.

मात्र या वाक्यात एक खरी गोष्टही दडलेली आहे, आणि फॉरवर्ड तिथे नेमका चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतो. थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र), तंबू, साखळ्या वाहणारे, खांबावर निशाण धरून उभे राहणारे, रात्री दिवे लावून डोंगरमाथ्यावर जागणारे जे लोक होते त्यांना खात्यात खलाशी म्हणत. लॅम्बटनचा मोठा थिओडोलाइट अर्धा टन वजनाचा होता. तो टेकड्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवला तो याच लोकांनी. तराईतल्या तापाने आणि जंगलाने किती गेले याची नावनिशी नाही. अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन यांचं नाव नोंदींत आहे, कारण ते कारागीर असामान्य होते. युरोपातून आलेली यंत्रं मोडली की दुरुस्त करणं त्यांच्याकडे, आणि 1843 मध्ये ते सर्वेक्षणाचे अधिकृत यंत्रकार झाले. एव्हरेस्टच्या गोष्टीत भारतीय माणूस शोधायचा तर फक्त सिकदारांवर का थांबावं? बहुधा गणित ज्यांनी केलं ते शिकलेले, आणि ओझी वाहणारे नुसते ‘लोक’, म्हणून.

राहिला मुद्दा नाव पुसल्याचा. हयातीत सिकदारांना कुणी ओळखलंच नाही, असं नाही. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातले बंडखोर विचारांचे शिक्षक डेरोझिओ यांचा हा शिष्य 1831 मध्ये जेमतेम अठरा वर्षांचा असताना महिना 30 रुपयांवर खात्यात लागला. दुसरी नोकरी धरायची म्हणाला तेव्हा एव्हरेस्ट यांनी त्याला सोडायचं नाकारलं. गणितात याच्या बरोबरीचे लोक भारतात थोडे, मग ते युरोपीय असोत की एतद्देशीय, असं त्यांनी लिहिलं. राधानाथच्या वडिलांना त्यांनी मुलाची तारीफ करणारं पत्र पाठवलं होतं. पुढे सिकदार मुख्य गणक झाले, कलकत्त्याच्या सरकारी हवामान वेधशाळेचे प्रमुख झाले. 1854 मध्ये प्यारीचाँद मित्रांबरोबर त्यांनी ‘मासिक पत्रिका’ काढली, बायकांना वाचता यावी अशा साध्या बंगालीत. पंडिती भाषेच्या काळात हे धाडसच.

चोरी झाली ती नंतर, आणि एका पुस्तकात. स्मिथ आणि थ्युलिए यांचं सर्वेक्षणाचं पाठ्यपुस्तक 1851 मध्ये निघालं. त्यातली अवघड, गणिती प्रकरणं सिकदारांची आहेत हे पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्ट कबूल केलं होतं. सिकदार 17 मे 1870 रोजी वारले. 1875 मध्ये तिसरी आवृत्ती आली, आणि तीत ही प्रस्तावना गाळलेली होती. मजकूर त्यांचा, नाव नाही. 1876 मध्ये ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या इंग्रजांच्याच वर्तमानपत्राने याला मेलेल्या माणसावर घातलेला दरोडा म्हटलं. आपण मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणू. या चोरीला तारखा आहेत, छापील पुरावा आहे, साक्षीदार आहेत. तरी फॉरवर्डमध्ये ती नाही, कारण पाठ्यपुस्तकाची प्रस्तावना हा शिखरासारखा झोकदार विषय नव्हे.

आणि 1843 चं प्रकरणही त्यात नाही, जे माझ्या मते सिकदारांच्या सबंध आयुष्यातलं सर्वांत सांगण्यासारखं आहे. मे महिन्यात देहरादूनचे मॅजिस्ट्रेट व्हॅन्सिटार्ट यांनी सर्वेक्षण खात्याच्या हमालांना आपलं सामान वाहायला वेठीला धरलं, मजुरी न देता. वेठबिगार तेव्हा रोजचीच. सिकदारांनी साहेबांचं सामान अडवून ठेवलं आणि माझ्या माणसांना फुकट राबवता येणार नाही, अशी भूमिका घेतली. प्रकरण कोर्टात गेलं. त्यांना 200 रुपये दंड झाला. नोकरीत लागताना मिळत होता त्या पगाराने हिशेब केला तर जवळजवळ सात महिन्यांची कमाई. ‘बेंगॉल स्पेक्टेटर’ने खटल्याची हकिकत छापली. जे खलाशी आणि हमाल एव्हरेस्टच्या कुठल्याच गोष्टीत दिसत नाहीत, त्यांच्यासाठी भरलेला तो दंड होता.