‘एवढ्याशा बियांनी काय होणार?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

हरणांसाठी क्लोव्हर (बरसीमच्या जातकुळीचं चाऱ्याचं पीक) पेरण्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘शेतकऱ्याचा मुलगा’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिशिगनमध्येच राहणाऱ्या या वाचकांनी माझ्या लेखातल्या एकरी आठ पौंडांच्या प्रमाणाने मार्चमध्ये अर्ध्या एकरावर चार पौंड पांढरा क्लोव्हर फेकला. जून आला तरी गवताशिवाय काही दिसेना. त्यावर ते लिहितात, ‘एकरी आठ पौंड म्हणजे चार किलोसुद्धा नाही. एवढ्याशा बियांनी काय होणार? गावाकडे आम्ही बरसीम एकरी बारा किलो टाकतो. घरबसल्या लिहिणाऱ्यांनी शेती शिकवू नये.’ पुढे खतावर, शिकारीवर आणि मला बियाणेवाल्यांकडून पैसे मिळतात का यावर बरंच काही आहे.

पीक गेलं की माणूस चिडतो, हे मी समजू शकतो. पण ‘उगवलं नाही, कुठे चुकलं असेल?’ एवढं विचारलं असतं तरी मी त्याच दिवशी उत्तर दिलं असतं. त्याऐवजी तुम्ही थेट माझ्या लायकीवर आलात. मग ऐका. माझं बालपण सांगली जिल्ह्यात लसूणघासाच्या वाफ्यांना पाणी देण्यात गेलं आणि गेली पंधरा वर्षं ग्रँड रॅपिड्सच्या उत्तरेला रेताड जमिनीत मी दर वर्षी क्लोव्हर पेरतो आहे. शेतकऱ्याचे मुलगे आणखीही आहेत. बियाणेवाल्यांकडून मी आजवर एक पैसा घेतलेला नाही, आणि हा आरोप पुन्हा केलात तर तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकीन.

एक चूक मात्र मान्य. एकरी आठ पौंड हे प्रमाण आवरण नसलेल्या, नुसत्या बियाण्याचं आहे, हे मी लेखात लिहायला हवं होतं. ते राहून गेलं होतं. आज दुरुस्ती केली आहे.

आता ‘एवढ्याशा बियां’बद्दल. बियाणं किलोवर विकलं जातं, पण रोप एकेका बीपासून येतं. बरसीमचं बी साधारण तिळाच्या वजनाचं, हजार दाणे म्हणजे तीन ग्रॅमच्या आसपास. पांढऱ्या क्लोव्हरचं बी राजगिऱ्याएवढं, हजार दाण्यांना जेमतेम 0.6 ग्रॅम. तुमच्या बारा किलो बरसीममध्ये 40 लाख बिया. माझ्या आठ पौंडांत, म्हणजे सुमारे 3.6 किलोत, 60 लाख. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. बरसीमच्या चौरस फुटाला 90-92 बिया पडतात, पांढऱ्या क्लोव्हरच्या 138. ज्याला तुम्ही ‘एवढंसं’ म्हणता ते तुमच्या गावच्या मापापेक्षा दीडपट दाट आहे. हा हिशेब करायला पाच मिनिटं लागतात. प्रतिक्रिया लिहायला तुम्हाला त्याहून जास्त वेळ लागला असणार.

तुमची पिशवी आवरणाच्या बियाण्याची होती असं धरू, कारण दुकानात बहुतेक तीच मिळते. बियाण्यावर चुन्याचा किंवा मातीचा थर असतो आणि त्यातच मुळांवर गाठी आणणारे जिवाणू असतात. लेबलवर साधारण असे आकडे दिसतात: शुद्ध बी 65 टक्के, आवरण 34 टक्के, उगवण 80 टक्के, कठीण बी 10 टक्के. कठीण बी मेलेलं नसतं, ते उशिरा उगवतं. म्हणून उगवणीत ते मिळवायचं, 90 टक्के धरायचं. चार पौंडांतलं शुद्ध बी 2.6 पौंड आणि त्यातलं जिवंत 2.34 पौंड, म्हणजे एक किलोला थोडं वर. तरीही तुमच्या वीस गुंठ्यांत चौरस फुटाला ऐंशी जिवंत बिया पडल्या. त्यातल्या वीस जगल्या तरी पुरे, कारण पांढरा क्लोव्हर जमिनीलगत धावते फुटवे सोडून मधल्या जागा स्वतःच भरतो. बरसीमला ते जमत नाही. शिवाय ते एका हंगामाचं पीक, इथल्या कडाक्याच्या थंडीत मरतं. दोन्हींची तुलना तिथेच संपते.

मग उगवलं का नाही? तुमच्याच प्रतिक्रियेत एक वाक्य आहे: ‘जुन्या गवतावर बर्फ विरघळताना फेकलं.’ माझ्या लेखात फ्रॉस्ट सीडिंगसाठी, म्हणजे हिवाळा सरताना गोठत्या जमिनीवर बी फेकण्यासाठी, उघडी माती लागते असं स्पष्ट लिहिलं आहे. रात्री जमीन गोठते, दिवसा सैलावते, वरचा थर उचलला जाऊन त्यात मधाच्या पोळ्यासारख्या भेगा पडतात आणि बी त्या भेगांत उतरतं. मार्चमधल्या थंड सकाळी, ऊन यायच्या आत, गुडघे टेकून पाहा, भेगा डोळ्यांनी दिसतात. जुन्या गवताच्या चटईवर पडलेलं बी वरच अडकतं. एखादा ओला आठवडा मिळाला की तिथेच मोड येतो, मुळाला माती सापडत नाही आणि दोन दिवसांच्या वाऱ्यात ते वाळून जातं. गवत आदल्या सप्टेंबरमध्येच ग्लायफोसेट या तणनाशकाने मारून, वाळलेलं पाचट काढून ठेवावं लागतं. जमीन रेताड असेल तर आणखी अडचण, कारण रेतीत अशा भेगा नीट पडत नाहीत. अशा जमिनीत मी फ्रॉस्ट सीडिंगच्या भरवशावर राहत नाही.

दुसरा संशय सामूवर, म्हणजे मातीच्या आम्लतेवर (पीएच). पाइनच्या झाडीलगतच्या जमिनीचा पीएच 5.5 च्याही खाली असू शकतो. क्लोव्हरला 6 ते 7 हवा. तुम्ही माती तपासली का, याचा प्रतिक्रियेत उल्लेख नाही. चुना टाकल्यावर पीएच वर यायला सहा महिने तरी जातात आणि तो मातीत मिसळला नाही तर त्याहून जास्त. पेरणीच्या आदल्या दिवशी टाकलेला चुना त्या पेरणीच्या कामाचा नाही.

आणि एक शक्यता अशी की उगवलं होतं, पण हरणांनी खाल्लं. अर्ध्या एकराचा तुकडा पांढऱ्या शेपटीची पाच-सहा हरणं सहज कुरतडून टाकतात. तारेच्या जाळीचा तीन-चार फूट व्यासाचा पिंजरा पेरतानाच शेतात रोवायचा. पिंजऱ्यात क्लोव्हर आणि बाहेर नाही, तर हरणं. आत-बाहेर दोन्हीकडे नाही, तर पेरणी किंवा माती. पिंजरा नसताना ‘उगवलंच नाही’ असं कुणी छातीठोक सांगू नये.

खताबद्दल: नत्र अजिबात नको, ते गवताच्या पथ्यावर पडतं. स्फुरद आणि पालाश माती परीक्षणाच्या अहवालाप्रमाणे. शिकारीबद्दल: खाद्याचे ढीग घालून हरणं गोळा करण्यावर लोअर पेनिन्सुलात, म्हणजे मिशिगनच्या दक्षिण भागात, 2019 साली बंदी आली, पेरलेलं पीक त्यात येत नाही. पटत नसेल तर पेरू नका. ‘गावाहून बी मागवतो’ असं शेवटी लिहिलंय, ते कृपा करून करू नका. रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय शेतात पेरण्याएवढं बियाणं या देशात आणता येत नाही, आणि आणलंत तरी ते बरसीमच असणार.

अजून पेरायचंच असेल तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा धरा. कडक थंडीआधी रोपाला निदान सहा-आठ आठवडे मिळायला हवेत. जुलैत फवारणी करून गवत मारा. जमीन हलकी वखरून रोलरने इतकी दाबा की बुटाचा ठसा अर्ध्या इंचापेक्षा खोल जाणार नाही. भुसभुशीत ठेवलीत तर पहिल्या पावसात बी खोल जाईल, आणि पाव इंचाखाली गेलेलं राजगिऱ्याएवढं बी सहसा वर येत नाही. सोबत ओट पेरणार असाल तर एकरी चाळीस पौंडांच्या वर नको, दाट झाला की क्लोव्हरला ऊन मिळत नाही. बी बारीक असल्याने फेकणी यंत्राच्या भोकातून भसाभसा गळतं आणि निम्म्या शेतात संपतं. म्हणून कोरड्या वाळूत मिसळा, दोन वाटे करा, एक उभा आणि एक आडवा फेका. वर पुन्हा एकदा रोलर. रेताड जमीन असेल तर निम्मा लाल क्लोव्हर घ्या. त्याचं मूळ खोल जातं, कोरड्या उन्हाळ्यात तो टिकतो, पण दोन-तीन वर्षांत संपतो. पांढरा मागे राहतो.

पिशवीचं लेबल टाकून दिलं नसेल तर त्यावरची शुद्धता, आवरण, उगवण आणि तपासणीची तारीख इथे लिहा, मातीचा पीएचही लिहा. त्यावर नक्की बोलू.