दूध अनुदानाची यादी ‘गोपनीय’ झालेली नाही

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडच्या दूध उत्पादकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘नवा डेटा कायदा आला. कुणाला किती दूध अनुदान मिळालं हे आता सरकार सांगू शकत नाही, माहिती अधिकारात विचारूही नका.’ हे बरोबर नाही.

मेसेजला थोडा आधार आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं, त्यामुळे वैयक्तिक माहिती नाकारायला वाव वाढला (माझ्या मते हे वाईटच झालं). पण माहिती अधिकार कायद्याच्याच कलम ४ ला हात लागलेला नाही. ४(१)(ख) मध्ये सरळ म्हटलंय की अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, त्यासाठी किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे खात्याने स्वतःहून जाहीर करायचं. कुणाच्या अर्जाची वाट पाहायची नाही. कामधेनू योजनेत अनुदानावर घेतलेली गाय असो की सोसायटीत घातलेल्या दुधावरचं अनुदान, पैसा सरकारी तिजोरीतलाच.

आधार नंबर, बँक खातं, मोबाईल हे उघड करायची गरज नाही. तेवढे रकाने झाकून बाकीची यादी देता येते. त्याच कायद्याचं कलम १० त्यासाठीच आहे.

यादी सापडली नाही तर पशुसंवर्धन खात्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. कारण द्यावं लागत नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. तो मेसेज मात्र पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.