‘दोन वायरी जोडा, तीन हजार वाचवा’ म्हणे!

फ्रिजच्या सेन्सरवरचा तो मेसेज अखेर आमच्या आत्यापर्यंत पोचला. नुसता पोचला असता तरी सोडून दिलं असतं, पण तिनं कोपऱ्यावरच्या वायरमनला ‘पक्कड घेऊन ये’ असा निरोपही धाडला होता. त्याला कसंबसं थांबवलं.

मेसेज थोडक्यात असा: डिस्प्लेवर कोड लुकलुकतोय म्हणजे सेन्सर गेला. फ्रीझरमधलं मागचं पॅनल काढा, दोन वायरींचा सेन्सर कापा, टोकं पिळून जोडा, वर टेप गुंडाळा. पॅनल बर्फात अडकलं असेल तर सुरीनं बर्फ फोडा. कापायचं नसेल तर सेन्सर उकळत्या पाण्यात बुडवून ‘रीसेट’ करा. कुठल्याही फ्रिजला चालतं. मेकॅनिक हे सांगत नाहीत, कारण त्यांचे तीन हजार बुडतात.

वायरी जोडण्याचं आधी बघू, खरा घात तिथेच आहे. सेन्सर म्हणजे बटण नव्हे, की टोकं जोडली आणि चालू झालं. तो थर्मिस्टर असतो. गारठा वाढला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, ऊब मिळाली की उतरतो. 25 अंशांना 10 किलोओहम दाखवणारा सेन्सर बर्फाच्या पाण्यात 30 च्या आसपास जातो. वायरी जोडल्यावर बोर्डाला, म्हणजे फ्रिज चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला, दिसतं शून्य, म्हणजे त्याच्या हिशेबानं आत भट्टी पेटलीय. शहाणा बोर्ड हे अशक्य आहे म्हणून ओळखतो, कोड दाखवत राहतो आणि कॉम्प्रेसर ठरावीक वेळानं चालू-बंद करतो. म्हणजे वायर कापून मिळवलं काय? बोर्ड तितका शहाणा नसेल तर कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. मग मेसेजवाला म्हणतो, ‘बघा, गार झाला!’ होतो ना गार. कोथिंबीर काचेसारखी होते, इतका.

आत्याच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन असतं. त्याच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो, तो मेसेज लिहिणाऱ्यानं कधी उघडला नसावा. न वापरलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवा, गोठू देऊ नका, गोठलं तर वापरू नका, असं त्यावर स्पष्ट छापलेलं असतं. गोठून पुन्हा वितळलेलं इन्सुलिन दिसायला ठीक वाटलं तरी त्याचा भरवसा नसतो. रात्री गोठलं, सकाळी दार उघडझाप होऊन वितळलं, तर कोणाला कळणार? साखर का चढतेय म्हणून डॉक्टर डोस वाढवत बसणार.

बरं, हे झालं खालच्या कप्प्यातल्या सेन्सरचं. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बहुधा एकाहून जास्त सेन्सर असतात, आणि मेसेज ज्या पॅनलमागे हात घालायला सांगतो तिथे गारवा देणाऱ्या कॉइलला चिकटलेला असतो तो डीफ्रॉस्टचा, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवण्यासाठीचा. त्याच्या वायरी जोडल्या तर बोर्डाला वाटतं कॉइल गरमच आहे, म्हणून तो बर्फ वितळवणारा हीटर लावत नाही. काही दिवसांत कॉइलची बर्फाची लादी होते, वारा अडतो आणि खाली दूध नासायला लागतं. त्याहून वाईट म्हणजे सेन्सरच्या शेजारीच अनेक मॉडेलमध्ये थर्मल फ्यूज असतो. तोही दोन वायरींचा, तोही प्लास्टिकच्या टोपणातला. हीटर अति तापला तर त्याची लाइन तोडायची एवढंच त्याचं काम, आणि ती लाइन 230 व्होल्टची. सेन्सर समजून हाच कापून जोडला तर तापत्या हीटरवरचा शेवटचा पहारा उठला. भोवती सगळं प्लास्टिक आणि फोम.

आता सुरी. कॉम्प्रेसरवरचं स्टिकर वाचा. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजवर आर600ए लिहिलेलं असतं, शेजारी ज्वाळेचं चित्र. तो म्हणजे फ्रिज गार करणारा आयसोब्युटेन गॅस, आपल्या सिलिंडरच्या जातकुळीतला. कॉइलला सुरीचं टोक लागलं की गॅस बाहेर, आणि मग तीन हजारांत भागेल ही आशाही सोडा. फ्रिज बंद करून दार उघडं ठेवलं तर बर्फ आपोआप वितळतो, पण तेवढा दम कोणाला आहे?

उकळत्या पाण्याचं काय सांगायचं! थर्मिस्टरला स्मरणशक्तीच नसते, तो रीसेट काय डोंबल होणार? ‘कुठल्याही फ्रिजला’ हेही तसंच. कोडचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. आणि नॉबवाल्या साध्या सिंगल-डोअर फ्रिजमध्ये तर असा सेन्सरच नसतो, थर्मोस्टॅटची बारीक नळी असते. ती कापली की थर्मोस्टॅटच गेला.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. काहीही न मोजता ‘बोर्ड गेलाय’ सांगणारे मेकॅनिक आहेत, आणि सेन्सर बोर्डाच्या मानानं फारच स्वस्त असतो. तपासणी घरीही होते, कापाकापी न करता. प्लग काढा, सेन्सरचा कनेक्टर सोडवा आणि आधी त्यात ओल किंवा हिरवट गंज आहे का बघा, कारण पुष्कळदा कोडचं मूळ तिथेच निघतं. मग मल्टिमीटर किलोओहमवर लावून सेन्सर बर्फ-पाण्याच्या पेल्यात धरा, आकडा ठरला की टिपून घ्या, नंतर मुठीत धरा. आकडा सरसर उतरला तर सेन्सर बहुधा ठीक. आपल्या मॉडेलच्या तक्त्याशी ताडून बघा. शून्य किंवा अनंत दाखवत राहिला तर तो गेला, त्याच मॉडेलचा नवा घ्या.

एवढं जमणार नसेल तर मेकॅनिकला हेच समोर करून दाखवायला सांगा. रीडिंग न दाखवता बोर्डाचे पैसे मागितले तर देऊ नका, आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या.