दुसरा डाऊन, पाच यार्ड

२०२० सालची संक्रांत बुधवारी आली होती. शेजारी तिळगूळ द्यायचा राहून गेला, म्हणून रविवारी डबा घेऊन गेले. शेजारी म्हणजे इथे कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात उभं आयुष्य काढलेले एक निवृत्त गृहस्थ, फोर्टीनायनर्स या इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कट्टर चाहते. आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या स्टेडियममध्ये ग्रीन बे पॅकर्सशी सामना चालू होता आणि हे टीव्हीसमोर, मांडीवर कागदी प्लेट आणि हातात पेन्सिल घेऊन बसलेले. फोर्टीनायनर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा खेळाडू, जिमी गॅरोपोलोनं पास टाकला की प्लेटवर एक रेघ. सामना संपला तेव्हा रेघा मोजून आठ. अख्ख्या सामन्यात आठ पास! राहीम मोस्टर्टनं एकट्यानं चेंडू छातीशी धरून पळत २२० यार्ड आणि चार टचडाऊन केले, आणि ३७-२० असा विजय मिळवून संघ सुपर बोलला, म्हणजे अंतिम सामन्याला, पोचला.

दोन आठवड्यांनी मायामीत कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध रेघा झाल्या एकतीस. शेवटची सात मिनिटं उरली असताना २०-१० असे पुढे होते, ते ३१-२० असे हरले. पुढचा महिनाभर ऑफिसात, केस कापायच्या दुकानात, मुलीच्या शाळेच्या फाटकाशी एकच प्रश्न कानावर यायचा: पळत का नाही राहिले?

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी थोडं सांगते. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाऊनमध्ये, दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात की नवे चार डाऊन. चेंडू घेऊन पळालं तर यार्ड थोडे मिळतात, पण घड्याळ चालू राहतं. पास टाकला तर एका फटक्यात वीस-तीस यार्ड मिळू शकतात. मात्र पास खाली पडला की घड्याळ थांबतं, आणि समोरच्यानं झेलला तर चेंडूच गेला. म्हणून पुढे असलेल्या संघानं पळावं आणि वेळ खावी, असं शहाणपण इथे पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं.

ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. त्याच रविवारी, १९ जानेवारीला, टेनेसी टायटन्स चीफ्सशी खेळले होते. त्यांच्या डेरिक हेन्रीनं आधीच्या दोन बाद फेऱ्यांत १८२ आणि १९५ यार्ड पळून न्यू इंग्लंड आणि बाल्टिमोरला घरी पाठवलं होतं. चीफ्सविरुद्धही टायटन्स १७-७ असे पुढे गेले. मग मागे पडले, आणि मागे पडलेल्याला घड्याळ खाऊन काय मिळणार? हेन्रीचे त्या दिवशी ६९ यार्ड. पळण्याची चैन आघाडीवर असणाऱ्यालाच परवडते, आणि समोर चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स असेल तर आघाडी टिकेलच याचा भरवसा नसतो.

मायामीतला तो क्षण मला अजून दिसतो. गुणफलक २०-१७, सहा मिनिटांच्या आसपास बाकी. पहिल्या डाऊनवर मोस्टर्ट पाच यार्ड पळाला. दुसरा डाऊन, पाच यार्ड हवेत. फोर्टीनायनर्सचा कोच काइल शॅनहननं पास सांगितला. चीफ्सच्या क्रिस जोन्सनं हात उंच करून तो हवेतच अडवला. तिसऱ्या डाऊनवर पुन्हा पास, पुन्हा खाली. चेंडू चीफ्सकडे गेला आणि थोड्याच वेळात २४-२०.

माझं मत स्पष्ट आहे: तो पास बरोबर होता. दोनदा पळून अडकले असते तर सव्वाएक मिनिट खाल्लं असतं. माहोम्सला त्यानंतरही चारेक मिनिटं मिळाली असती, आणि त्याला तेवढी लागत नाहीत. त्याला बाहेर बसवायचा खरा उपाय नवे चार डाऊन मिळवणं हाच होता.

याच शॅनहनची तीन वर्षांपूर्वीची चूक मात्र मी चूकच म्हणते. २०१७ च्या सुपर बोलमध्ये तो अटलांटा फाल्कन्सची आक्रमणाची चाल ठरवत होता. २८-३ अशी आघाडी २८-२० वर आली होती, पाचेक मिनिटं उरलेली, आणि चेंडू न्यू इंग्लंडच्या २२ यार्डांवर. तिथून फील्ड गोलचे, म्हणजे चेंडू लाथेनं खांबांमधून मारल्याचे, तीन गुण जवळपास हातात होते. त्यानं पास सांगितला, क्वार्टरबॅक बारा यार्ड मागे पाडला गेला, वर दहा यार्डांचा दंड, आणि तीन गुण गेले ते गेलेच. शेवटी ३४-२८ अशी हार. तिथे पळायलाच हवं होतं. माणूस तोच, पास दोन्हीकडे, हार दोन्हीकडे. तरी एक निर्णय चुकीचा होता आणि एक बरोबर.

हे सगळं मला का छळतं, तर सांगलीच्या मामांमुळे. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादची वर्ल्ड कप फायनल हरल्यावर त्यांचा फोन आला. मामा बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "राहुल घाबरला गं." १०७ चेंडूंत ६६, चौकार एकच. आमच्या घरच्या ग्रुपवर पुढचे चार दिवस हेच चाललं होतं: जिगर नाही, स्वतःसाठी खेळला. आणि जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या फायनलला कोहलीनं ५९ चेंडूंत ७६ केले तेव्हा त्याच ग्रुपवर अनुभव, संयम, मोठा खेळाडू. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हवे होते आणि सहा गडी हातात होते. ते जिंकले असते तर त्याच ७६ धावांना काय नावं ठेवली गेली असती, ते मला ठाऊक आहे.

इथेही रेडिओवर कोचला भित्रा म्हणतात. त्याच मायामीच्या रात्री, पूर्वार्ध संपताना तिन्ही टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवायच्या संधी, शिल्लक असूनही घड्याळ चालू दिलं म्हणून शॅनहन भित्रा ठरला, आणि उत्तरार्धात पास टाकला म्हणून उतावळा. तरी इथे बोलणं शेवटी त्या एका डाऊनवर येतं: किती यार्ड हवे होते, किती वेळ होता, समोर किती माणसं उभी होती. ही सवय मला आपल्याकडे हवीशी वाटते.

पण मामांकडे जे आहे ते इथे नाही. गहुंजेला बांगलादेशविरुद्ध हार्दिकचा घोटा मुरगळला तेव्हापासून ते सांगत होते, की आता शेपूट लांब झालं, एक दिवस हे नडणार. राहुल सावध का होता याचं निम्मं उत्तर त्यात आहे. ८१ वर तीन बाद, आणि जडेजा-सूर्या गेले की पुढे फलंदाज नाही. तेव्हा एकेरी-दुहेरी घेत राहणं म्हणजे चेंडू छातीशी धरून पळणंच होतं, आणि सुरुवातीला ते योग्यही होतं. माझी तक्रार वेगळ्या जागी आहे. ट्रॅव्हिस हेड आणि मिचेल मार्श यांनी मिळून त्या दिवशी चार षटकं टाकली आणि दिल्या फक्त नऊ धावा. कामचलाऊ गोलंदाज समोर असताना तरी हात मोकळा करायला हवा होता.

हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "थांब, वही आणतो." त्यांच्याकडे १९८३ पासूनच्या वह्या आहेत, प्रत्येक षटक हातानं लिहिलेलं. पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. नऊच." आणि थोड्या वेळानं, "पण त्यातला एखादा मारायला जाऊन आउट झाला असता, तर मी काय म्हणालो असतो गं?"