टायरला खाचा पाडून पकड वाढत नाही

‘पावसाळ्याआधी प्रत्येक गाडीवाल्याने वाचावे’ असा मेसेज सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो कोथरूडला आत्यापर्यंत पोचला आणि तिने गोटा झालेल्या, म्हणजे झिजून गुळगुळीत झालेल्या चारही टायरना खाचा पाडून घ्यायचं ठरवून टाकलं. शेवटची ओळ अशी: ‘टायर कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.’ सांगणार कशा? उद्या कोणाचा टायर फुटला तर कोर्टात उभं राहावं लागेल.

मेसेजातले सल्ले थोडक्यात असे. झिजलेल्या टायरला खाचा पाडून घ्या, नव्याएवढी पकड मिळते. पावसात हवा २५ पीएसआयवर (पंपावरच्या मीटरचा आकडा) ठेवा. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते पुढे लावा. टायर जेवढा रुंद तेवढी ग्रिप जास्त. देशी टायर घसरतात, जपानी घ्या. नायट्रोजन भरा. महिन्यातून एकदा टायरवर डिझेलचा हात फिरवा, रबर मऊ राहतं.

सगळ्यात घातक सल्ला पहिलाच, म्हणून आधी तो.

कारच्या नव्या टायरला साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल खाचा असतात. त्या खाचांच्या तळाखाली जेमतेम दोनेक मिलिमीटर रबर उरतं. त्याखाली बहुतेक टायरमध्ये नायलॉनचा थर, मग पोलादी तारांचे दोन पट्टे आणि मग टायरचा सांगाडा. आता खाचा पाडणारा काय करतो? गरम पात्याचं यंत्र हातात धरून अंदाजाने तीन-चार मिलिमीटर रबर सोलून काढतो. मूळ खाच संपल्यावर खाली दोनच मिलिमीटर होतं, त्यातून चार कुठून काढणार? पातं तारांपर्यंत जातं, नाही तर तारांवर कागदाएवढं रबर ठेवतं. मग पाणी आत शिरतं, तारा गंजतात आणि रबराचा थर पट्ट्यापासून सुटू लागतो. गावात चाळीसच्या वेगाने हे कळतही नाही. एक्सप्रेसवेवर मे महिन्याच्या दुपारी टायर तापला की वरचा थर सोलपटासारखा निघून येतो.

‘ट्रकवाले पाडतात ना खाचा?’ पाडतात, हे खरं. ज्या ट्रक-बसच्या टायरच्या बाजूवर ‘रीग्रूव्हेबल’ असं उठावात छापलेलं असतं, त्यात कंपनीने खाचेखाली मुद्दाम जादा रबर ठेवलेलं असतं आणि किती खोल कापायचं ते ठरवून दिलेलं असतं. तुमच्या वॅगन-आरच्या टायरवर हा शब्द शोधा. सापडणार नाही. एसटी महामंडळ टायर रिमोल्ड करतं तेही खरं, पण तिथे सांगाडा तपासून नवं रबर चढवतात. इथे आहे तेवढंही रबर काढून घेतात. दोन्ही उलट कामं आहेत.

यातली गोम अशी की गोटा टायर कोरड्या रस्त्यावर बरा धरतो. रेसच्या गाड्यांचे कोरड्यातले टायर गुळगुळीतच असतात, हे मेसेजवाला सांगतो. पाऊस आला की तेच लोक खाचांचे टायर लावायला थांबतात, हे मात्र गाळतो. फेब्रुवारी ते मे ‘काही होत नाही’ असं वाटलेला टायर पहिल्या वळवात धूळ, तेल आणि पाणी यांच्या राडीवर सरळ घसरत जातो.

सेकंडहँड गाडी घेताना हा प्रकार ओळखायचा असेल तर मोठ्या खाचांच्या मध्ये असणाऱ्या बारीक चिरा बघा. मोठी खाच खोल आणि या चिरा मात्र पुसल्यासारख्या दिसत असतील तर खाच हाताने पाडलेली आहे. खाचेच्या कडा किंचित वाकड्यातिकड्या किंवा जळकट असतात आणि तळाशी असणारे झिजेचे उंचवटे कापले गेलेले असतात. हे उंचवटे म्हणजेच टीडब्ल्यूआय (ट्रेड वेअर इंडिकेटर). टायरच्या खांद्यावर ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत खाचेत बोट फिरवा. वरचं रबर उंचवट्याच्या पातळीला आलं म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९४ चा आकडाही हाच. पण तो कायद्याचा तळ आहे. पावसात गाडी रोज बाहेर काढायची असेल तर ३ मिलिमीटरलाच टायर बदलायच्या तयारीला लागा. खोली मोजायचं गेज स्वस्त मिळतं. आत, मध्ये आणि बाहेर अशा तिन्ही खाचा मोजा, कारण अलाइनमेंट बिघडलेली असेल तर आतली कड आधी संपते आणि उभ्याने बघून ते दिसत नाही.

आता ‘पावसात हवा कमी’. रस्त्यावर पाणी साचलेलं असताना चाकापुढे पाण्याची पाचर तयार होते. वेग वाढला की ती पाचर टायरला उचलते आणि स्टिअरिंग एकदम हलकं होतं. टायर पाण्याला किती जोराने बाजूला ढकलणार हे मुख्यतः आतल्या हवेवर ठरतं. नासाच्या लँगली केंद्रातल्या हॉर्न आणि ड्रेहर यांनी १९६३ साली, टेक्निकल नोट डी-२०५६ मध्ये, याचं सोपं सूत्र मांडलं: टायर तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. किलोमीटर आणि पीएसआयमध्ये सांगायचं तर वर्गमूळ गुणिले साधारण १६.७. ३३ पीएसआयला ९६ किलोमीटर, २५ पीएसआयला ८३. सूत्र विमानांच्या टायरवरून आलेलं आहे आणि खाचांना निचरा करता येणार नाही इतकं पाणी त्यात गृहीत आहे, त्यामुळे आकडा तुमच्या गाडीला तंतोतंत लागू करू नका. दिशा मात्र पक्की आहे. हवा आठाने कमी केली की सुरक्षित वेगातले १२-१३ किलोमीटर गेले. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गाडी आपोआप ऐंशीला लागते. तिथे हे १२-१३ किलोमीटर लागतात, आत्या.

शिवाय हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो, भार कडांवर जातो आणि मधल्या खाचा मिटतात. बाजू जास्त वाकून तापते. खड्ड्यात रिम थेट रबर चिमटते आणि दुसऱ्या दिवशी बाजूला फुगा आलेला दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकायचाच. वाळूत रुतलेल्या जीपची हवा कमी करतात, तेवढंच या सल्ल्यातलं खरं. सिंहगड रस्त्यावर अजून वाळवंट झालेलं नाही.

किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर असतं. टायरवर छापलेला ४४ किंवा ५१ हा कमाल आकडा, तो भरायचा नसतो. सकाळी टायर थंड असताना, फार तर दोन-तीन किलोमीटर चालवून, हवा तपासा. लांबून आल्यावर तीन-चार पीएसआय जास्त दिसतील, ते सोडून देऊ नका.

दोन नवे टायर पुढे? नाही, मागे. आपल्या बहुतेक गाड्यांत इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढची, त्यामुळे पुढचे टायर लवकर झिजतात, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण वळणावर पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच उचलला की बहुतेक वेळा पुन्हा धरते. मागचं सुटलं तर गाडी गरकन फिरते, आणि ते सावरणं रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाचं काम नाही. म्हणून मागचे बरे टायर पुढे आणा, नवे मागे टाका. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे अदलाबदल केले तर चारही एकदमच संपतात आणि हा प्रश्नच उरत नाही.

रुंदीचं म्हणाल तर कोरड्यात थोडी पकड वाढते, पाण्यात रुंद टायर आधी तरंगतो, वर ॲव्हरेज पडतं. १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंच. पूर्ण व्यास सुमारे ६२१. त्याच रिमवर हौसेने २०५/६५ चढवला तर व्यास ६४७ होतो. म्हणजे स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ ला असते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. २०१८ च्या स्विफ्टमध्ये खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्याला १८५/६५ आर १५ होते. व्यासातला फरक दोन मिलिमीटर. कंपनी माप बदलते ते असं.

नायट्रोजन: हवेत तो ७८ टक्के असतोच. दाब जरा हळू उतरतो, एवढंच. फुकट मिळाला तर घ्या. डिझेल: रबर फुगतं आणि खराब होतं. रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या भागावर डिझेल किंवा पॉलिश लावणं म्हणजे जमिनीला तेल लावून चालणं.

‘जपानी घ्या’ यावर हसूच येतं. ब्रिजस्टोनचा कारखाना चाकणला आहे. ब्रँडपेक्षा मॉडेल बघा. एकाच कंपनीत सिएटचा मिलाज जास्त किलोमीटर चालण्यासाठी असतो आणि सिक्युराड्राइव्ह पकडीसाठी. अपोलोचा अमेझर ४जी लाइफ आणि अल्नॅक ४जी यांचंही तसंच. लाखभर किलोमीटर चालणारं रबर ओल्यात तितकंच धरेल ही अपेक्षा ठेवू नका. वर्षाला आठ-दहा हजारच फिरणाऱ्याला लाखाचा टायर काय कामाचा? तो झिजायच्या आधी कडक होईल.

पैसे वाचवायचे तर इथे वाचवा. स्टिकरवरचंच माप घ्या. मापापुढचा भाराचा आकडा (८८ म्हणजे ५६० किलो) आणि वेगाचं अक्षर (टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०) खाली उतरवू नका, उगाच वरही चढू नका. बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. वर्षाच्या आतला मागा. त्याहून जुना असेल तर भाव पाडून घ्या किंवा दुसरं दुकान गाठा. बिलात रबरी व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरली आहे का ते आधीच विचारा, नाही तर स्वस्त टायर तिथेच महाग होतो. नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीत लेप असतो, म्हणून पहिले दोनेकशे किलोमीटर ब्रेक बेताने मारा.

आणि जुने गोटा टायर ‘राहू द्या इथेच’ म्हणून दुकानात टाकून येऊ नका. त्यातल्याच एखाद्या टायरला खाचा पाडून तो पुन्हा विकायला ठेवतात. समोर उभं राहून त्याच्या बाजूला ड्रिलने भोक पाडायला सांगा, मग निघा.